तिसरा मजला, डावं दार

—‘एकही खोका उघडलेला नाही म्हणे, सगळे तसेच रचून ठेवलेत, त्यांच्या त्या—’ आणि लिफ्टचं दार बंद. झालं! एवढंच माझ्या कानावर पडलं. आता तुम्हीच सांगा, एवढ्यावर माणसाने काय समजायचं? बोलत होत्या पहिल्या मजल्यावरच्या केमिस्टीणबाई, वॉचमनशी—आणि त्या उगाच बोलणाऱ्यातल्या नाहीत, दिवसभर नवऱ्याच्या दुकानात गोळ्या मोजतात, शब्दसुद्धा मोजूनच टाकतात. बसा ना, उभे का? ती खुर्ची घ्या—कपडे ठेवा बाजूला, वाळलेत ते. आणि खोका ठेवा खाली. अहो ठेवा, कुणी पळवत नाही. तुम्ही कुरियरवाले म्हणजे ना, मांडीवर काय घेऊन बसता तान्ह्या बाळासारखा! समोरच्या बाई घरी नाहीत, मघाशीच सांगितलं मी. तुम्ही जिन्यात उभे राहून एकदा इकडच्या दाराकडे, एकदा तिकडच्या दाराकडे बघत होतात ना, तेव्हाच ओळखलं मी की हे समोरचंच. आमच्याकडे कोण काय पाठवतंय! येतील त्या तासाभरात. तोवर बसा. काय म्हणालात? —नाही ना काही? मग पाणी घ्या.

पार्सल कुणी पाठवलंय? नाही, मला काय करायचंय, आपलं सहज. बहिणीकडून असेल. बहिणीच्याच गावी निघाल्यात त्या, कायमच्या. रविवारी टेम्पो येणार आहे. आज तिथली खोली बघायला गेल्यात. मला नाही हो सांगितलं, आमचं बोलणंच नाही सध्या—त्या टेम्पोवाल्याशी फोनवर बोलत होत्या आणि मी दारातला केर काढत होते. दारातल्या केराला वेळ लागतो. आता वीस वर्षांपासूनची शेजारीण घर सोडून का निघाली, तर त्या खोक्यांपायी. तेच तर सांगतेय मघापासून.

वर डोंगरात भूकंप झाला ना—माहीत आहे? असणारच, टीव्हीवर दाखवत होते सारखं—तेव्हा सगळ्यात आधी उठल्या त्या ह्या समोरच्या पोस्टबाई. आम्ही पोस्टबाई म्हणतो त्यांना, सगळी नोकरी पोस्टात गेली, पार्सलच्या खिडकीवर. आता निवृत्त. तर त्या म्हणाल्या, रस्त्याकडेच्या गावांना सगळेच मदत देतील, आपण अगदी वरच्या गावांचं बघू, जिथे गाडी जात नाही. आणि काय पाठवायचं? ताडपत्र्या, घोंगड्या, दोर, पाण्याचे कॅन आणि औषधं. बस, एवढंच! आता मला सांगा, ताडपत्री असते का कुणाच्या घरात? विकत आणावी लागते. आणि विकत आणायचं म्हटलं की माणसाला विचार करावासा वाटतो. मग विचार करायला समिती बसली, आमच्याच पार्किंगमध्ये, खुर्च्या मांडून. आणि एकदा समिती बसल्यावर घोंगड्या जरा मागेच पडल्या. दातांच्या डॉक्टरांनी टूथपेस्टच्या फुकट आलेल्या छोट्या ट्यूबा दिल्या—खोकाभर! व्यायामशाळेवाल्याने जागच्या जागी चालवायची सायकल दिली. पोस्टबाई म्हणाल्या, अहो, तिथली माणसं दोन दोन डोंगर चढून पाणी आणतात, त्यांना ही कशाला? तर हा म्हणाला, मन रमतं. पार्लरवालीने नेलपॉलिश दिलं. म्हणाली, बायकांचा जीव घाबरा झालेला असतो, जरा रंग लावला की बरं वाटतं. हसू नका, चांगल्या मनाने दिलं हो तिने. थोडं सुकलं होतं, एवढंच.

मी? मी मनापासून दिलं. ह्यांचा लग्नातला कोट—अगदी नवा आहे, म्हणजे लग्नात नवा होता. ह्यांचं पोट मावत नाही त्यात, पण सोडायचा म्हटलं तर जीव जातो ह्यांचा, म्हणून न सांगताच दिला. हळू बोला, आतल्या खोलीत पेपर वाचतायत. अजून शोधतात तो कोट. परवा कपाट रिकामं केलं सगळं, मीही शोधू लागले त्यांच्याबरोबर. आणि एक चिनी मातीचा राजहंस दिला. नणंदेने दिलेला. एवढा मोठा, मानेत फुलं खोचायची. मी काय म्हणते, घर पडलं म्हणून माणसाने शोभेची वस्तू बघूच नये का? आणि एक टेबल-लॅम्प. वीज आज ना उद्या येईलच की.

पण खरी अक्कल मी पुढे चालवली. ऐका. खोके सगळे सारखे, केमिस्टच्या दुकानातले, तपकिरी. भरले, चिकटपट्टी मारली, आणि मग कुणाचा कुठला कसं कळणार? दुसऱ्या मजल्याने काहीच दिलं नाही आणि फोटोत पुढे तेच! तेव्हा मी उठून म्हणाले—सभेत कधी बोलत नाही मी, पण उठले—म्हटलं प्रत्येकाने आपापल्या खोक्यावर आपला मजला, आपलं दार, बिल्डिंग, रस्ता, शहर, सगळं ठळक लिहायचं. काळ्या जाड पेनाने, चारी बाजूंनी. म्हणजे दिलंय कुणी ते दिसेल, आणि वरून आभाराचं पत्र यायचं झालं तर पत्ता नको का त्यांना? टाळ्या पडल्या. खोटं नाही सांगत, टाळ्या! फक्त पोस्टबाई उठल्या. म्हणाल्या, ‘मी जन्मभर पार्सलं घेतली. घेणाऱ्याचा पत्ता मोठा लिहायचा असतो, पाठवणाऱ्याचा कोपऱ्यात, बारीक. हे उलटं होतंय.’ म्हटलं, बाई, तुमचं पोस्ट सुटलं आता, इथे खिडकी नाही आणि रांग नाही. सगळे हसले. तीही हसली जरा. मग तिने प्रत्येक खोक्याला एक चिठ्ठी चिकटवली, गावाचं नाव लिहून, एकटी बसून—जागा कुठे उरली होती, लावली कुठेतरी खालच्या अंगाला, डिंकाने. डिंकच तो. पाऊसपाणी लागलं तर—असो. ते काही माझ्याकडे नव्हतं.

ट्रक निघाला तेव्हा काय थाट! नावाची कापडी पट्टी लावली, भाषणं झाली, नावाच्या बाजू बाहेर करून खोके रचले. पोस्टबाई ड्रायव्हरशेजारी बसून गेल्या, ह्या वयात. पण रस्ताच वाहून गेलेला, दरड. जिथे रस्ता संपला तिथे खेचरवाल्यांच्या ताब्यात सामान देऊन परत आल्या. वर जाऊ देत नव्हते कुणाला. आल्या, अंघोळ केली, दोन दिवस झोपल्या. मग इकडे सगळे विचारायला लागले—पत्र आलं का? फोटो आला का? आभाराचं काय? काही नाही. एक शब्द नाही. पार्लरवाली तर रोज पत्रपेटीत हात घालून बघायची. आणि अशात केमिस्टीणबाईंचं ते लिफ्टमधलं वाक्य—‘एकही खोका उघडलेला नाही, सगळे तसेच रचून ठेवलेत, त्यांच्या त्या—’ त्यांच्या त्या काय? मी विचार केला, पोस्टबाईंची मागची एक खोली कायम बंद असते. त्यांच्या त्या मागच्या खोलीत! दुसरं काय असणार? मी म्हटलं नाही हो तसं, मला फक्त वाटलं. आणि वाटलं ते पार्लरवालीला सांगितलं, विश्वासाने. आणि दातांच्या डॉक्टरांना—पण ते दात बघत होते, तोंड उघडंच होतं माझं. व्यायामशाळेवाल्याने तर स्वतःहून विचारलं. झालं. आठवड्यात समितीने त्यांच्याकडे खुलासा मागितला. ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याचं पार्सल पोचवलं तिला म्हणे, सामानाचं काय केलं ते सांगा! भर सभेत! मला फार वाईट वाटलं. नाही, मी काही बोलले नाही. मी मागे बसले होते.

चहा घ्या. बिस्किट घ्या, लाजू नका, बुटांकडेही बघू नका, फरशी पुसायचीच आहे मला. किती चिखल तो! तुम्हा लोकांना कुठे कुठे पाठवतात कोण जाणे.

त्या सभेनंतर पोस्टबाई माझ्या दारात आली. आत नाही आली, उंबऱ्याशीच उभी. म्हणाली, ‘माझी चावी द्या.’ द्या! मला! तिच्या घराची जादा चावी माझ्याकडे असते, म्हणजे असायची, ती बहिणीकडे गेली की मी कुंड्यांना पाणी घालायचे. तिने सुतळीत ओवून वर लाखेचा ठिपका लावून दिलेली, पोस्टातल्या पिशवीसारखी. हे एकदा म्हणाले होते, सील केलेली चावी ती, जपून वापर. तर ती चावी मला सापडेना. अगदी सुरक्षित जागी ठेवली होती मी, म्हणूनच सापडेना. डबे पाहिले, गाद्या उलट्या केल्या. मी म्हटलं, अगं, शोधून देते. तर म्हणाली, ‘राहू द्या तुमच्याकडेच. खोके आहेत का ते बघायला उपयोगी पडेल.’ आणि गेली. वीस वर्षांत तिने मला असं कधी—मला सांगा, मी काय गेले असते का तिच्या घरात, ती नसताना? मुळीच नसते गेले. चावी सापडली असती तरी—म्हणजे गेले असते, पण कुंड्यांना पाणी घालायला. आणि मागच्या खोलीत फक्त दारातून डोकावले असते. एवढंच. कुलूप बदललेलं नाही तिने अजून. सुतार आला असता तर कळलं असतं मला.

आम्ही दोघी रोज सकाळी भाजी निवडायचो, ती तिच्या उंबऱ्यात, मी माझ्या, मधे जिना. रेडिओ तिचा, बातम्या दोघींच्या. म्हणून तर मी कधी रेडिओ घेतला नाही! आता ती दार लावून घेते आणि आवाज बारीक ठेवते. मुद्दाम. कुठे काय झालं ते अर्धंच ऐकू येतं, उरलेलं माझं मलाच लावावं लागतं. असो. जाऊ दे तिला. जाणाऱ्याला कोण अडवणार? नवीन शेजारी येतील. येऊ देत. रेडिओ असेल त्यांच्याकडे.

का उठलात? नाही येणार त्या इतक्यात. काय? —कुरियरवाले नाही? मग? वरून आलात? चौथ्या मजल्यावरून? त्यांच्याकडे तर कुणी—डोंगरातून? कुठल्या डोंगरातून? त्या? मग आधी नाही का सांगायचं! मी तासभर बडबडतेय आणि तुम्ही आपले—हां, सांगत होतात. दोनदा सांगायला गेलात. हो. बरं. सांगा आता.

समोर नाही? इथेच? माझ्याकडे? अहो माझ्याकडे कशाला कोण—सोडा ते पोतं वरचं, बघू. थांबा, कात्री देते. नको, सुटतंय. हे—हे माझं अक्षर आहे. तिसरा मजला, डावं दार. हा ‘दा’ माझाच, मी काना असा वाकडा काढते, शाळेत छडी खाल्लीय त्यासाठी. चारी बाजूंनी. अहो हा खोका आम्ही तुम्हाला दिला होता! द्यायला म्हणून दिला होता! आमचा म्हणजे—तुमचाच.

मालकाला परत? मालक कोण, आम्ही? खेचरावरून घसरून फुटला, म्हणून हा एकच उघडला? बरं. आणि आत कोट दिसला, राजहंस दिसला, दिवा दिसला. आणि बाहेर पत्ता. चिठ्ठी? चिठ्ठी नव्हती म्हणता एकावरही. वाहून गेली असणार, डिंकच तो. आणि मग तुम्हाला वाटलं की—नाही, सांगा, मी रागावत नाही—तुम्हाला वाटलं की आमचीसुद्धा घरं पडली? आमचंही सामान असं खोक्यांत भरून कुणी हलवलं आणि चुकून तुमच्याकडे आलं? अरे देवा. पण असं कसं वाटलं तुम्हाला? मदत म्हणून कुणी दिवा पाठवतं का? —पाठवतं हो. मीच पाठवला. जागच्या जागी चालवायची सायकल कुणी—खेचराच्या पाठीवर चढवली ती? वर नेली? मन रमलं का कुणाचं? नाही, राहू द्या.

हा बघा राजहंस. लोकरीत गुंडाळलाय. चोचसुद्धा शाबूत. दरड ओलांडून, दोन बस बदलून आणि मांडीवर! आमच्या नणंदेने स्टेशनवरून आणला तेव्हा शेपटीचा टवका उडाला होता, तो तेवढा तसाच आहे. नणंदेला खूप आनंद होईल. मला? हो, मलाही. आणि हे काय, मोजे? हे माझे नाहीत. आमचे नव्हेत हो हे. तुम्ही घातलेत त्यात? तुमच्या आईने विणले? कुणासाठी? —ज्याचा कोट हरवलाय त्याच्यासाठी. इतके दिवस कोटाविना गारठला असेल, पायाला तरी ऊब. थांबा जरा. काही नाही, चहाची वाफ गेली डोळ्यात.

थंडीच्या दिवसात कोटाला हात नाही लावला तुम्ही? घातलाही नाही? का पण? —खिशात काय होतं? घराची चावी? आमच्या ह्या कोटाच्या खिशात कसली—

दाखवा.

दाराच्या मागे टांगलेला असायचा हा कोट. हे कधी घालत नाहीत, म्हणून मी म्हटलं, ह्याच्यासारखी सुरक्षित जागा नाही. सुतळी, वर लाखेचा ठिपका. तशीच आहे. ‘कुणीतरी आपल्याच दाराबाहेर उभं असेल’, असं तुमची आई म्हणाली? म्हणून तुम्हाला पाठवलं, रस्ता जरा चालायला लागल्याबरोबर? अहो, खरं आहे त्यांचं. उभं आहे. गेले किती दिवस उभं आहे.

आणि बाकीचे खोके? कुठे ठेवलेत? शाळेत. एकच खोली धड उरली गावात, तिथे रचलेत. उघडलेले नाहीत. परक्याचं सामान कसं उघडायचं, हो. कुणी धक्का लावू नये म्हणून खोलीला कडी. आणि मग शाळा? शाळा कुठे भरते? —बाहेर. ताडपत्रीखाली. ताडपत्री मिळाली? एकच. पोस्टबाईंचा खोका, त्याच्यावर त्यांनी स्वतःचं नाव लिहिलंच नव्हतं, नुसतं गावाचं, हे एवढं मोठं. तो तेवढा आपला म्हणून उघडलात. हं.

म्हणजे केमिस्टीणबाई बरोबरच बोलत होत्या! त्यांचा भाऊ नंतर खेचरवाल्यांबरोबर औषधं घेऊन गेला होता वर, त्याने पाहिलं असणार. ‘त्यांच्या त्या शाळेत’—असं म्हणत असणार त्या. एकही खोका उघडलेला नाही, हे खरं, हे दोन सोडले तर. तसेच रचून ठेवलेत, हेही खरं. म्हणजे बघा, मी काही अगदीच खोटं बोलले नव्हते. जवळजवळ सगळं खरंच होतं. फक्त खोली चुकली. खोलीच फक्त.

असं बघू नका हो माझ्याकडे. तुम्ही असं करा, हे सगळं समोर जाऊन सांगा. समितीलाही सांगा, मी बोलावते सगळ्यांना, दातांच्या डॉक्टरांना, त्या पार्लरवालीला. खोके उघडा म्हणावं सगळे, चुलीत घाला ते पुठ्ठे, पोरांना आत बसवा. आणि समोर सांगताना एवढंच करा, की तुम्ही आधी माझ्याकडे आला होतात हे नका सांगू. पत्ता माझ्या सांगण्यावरून लिहिला हेही नको. आणि चावी—चावी कुठे सापडली म्हणाल? रस्त्यात. नाही, रस्त्यात कशी सापडेल. बूट घालताना—नको. कोट आमचा हे तर सांगावंच लागेल, ह्यांना पण आता—थांबा. गप्प.

लिफ्ट नाही, जिन्याने येतेय. गुडघा दुखला की अशीच येते ती, एक पाय, मग थांबते, मग एक पाय. दुसरा मजला. पिशवी बदलली हाताची. तुम्ही उठा, हा खोका घ्या, जा तिकडे तिच्या दाराशी उभे राहा, जसे मघाशी होतात तसे. मला भेटलाच नाहीत तुम्ही. जा.

नको, थांबा. खोका ठेवा. चावी द्या माझ्याकडे. दार उघडं राहू द्या, पूर्ण उघडा. आले मी उंबऱ्यात.

अगं—

अहो, ती बघतेय. तुम्हीच बोला ना. तासभर गप्प बसलात, आता तरी बोला. तुम्हीच सांगा तिला, पहिल्यापासून. मी ऐकते.